उपरण्याखालचा तह

खडकनळीच्या बैलबाजारात सगळ्यात मोठं तोंड कुणाचं, असं विचारलं तर लोक शालनआक्काकडे बोट दाखवत. आणि एक शब्दही न बोलता सौदा कोण पटवतं, असं विचारलं तरी बोट तिच्याकडेच वळे.

शालनआक्का विरकर एकाहत्तर वर्षांची. धंदा हेडीचा, म्हणजे बैल घेणारा आणि देणारा यांच्यामधे उभं राहून भाव जमवायचा. नवरा गेला तेव्हा त्याचं उपरणं खुंटीला न टांगता तिनं खांद्यावर घेतलं आणि गुरुवारी बाजारात जाऊन उभी राहिली. मंडळी हबकली. कारण या धंद्यात भाव तोंडानं बोलायचा नसतो. उपरण्याखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. सुटं बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच, आवळलेली मूठ म्हणजे दहा. आकडा पटला की हात आवळून सोडायचा, सौदा पक्का. वर तोंडानं पाऊसपाण्याच्या गप्पा चालतात, आणि खाली काय चाललंय ते दोन हातांनाच ठाऊक.

"बाईमाणसानं परक्या पुरुषाच्या हातात हात द्यायचा?" असं तेव्हा सोपान हेडीनं भर बाजारात विचारलं होतं.

आक्का म्हणाली, "रोज बैलाचे दात मोजाया जबड्यात हात घालते मी. तुझ्या हाताला काय त्यापरीस धार हाय व्हय?"

त्या दिवसापासून सोपान तिचा वैरीही झाला आणि दोस्तही. तीस वर्षं झाली, दोन्ही नाती टिकून आहेत.

आता खडकनळी कुठं आहे ते सांगितलं पाहिजे, कारण सगळं रामायण तिथंच झालं. माणदेशात दोन बोडक्या डोंगरांच्या मधे एक माळ. त्या माळावर बाजार. उगवतीच्या डोंगरावर एक मनोरा, मावळतीच्या डोंगरावर दुसरा. उगवतीचा पूर्व गटाचा, मावळतीचा पश्चिम गटाचा. दोघांचं एकमेकांशी हाडवैर, आणि आपलं सरकार तटस्थ. तटस्थ म्हणजे कसं? याला एक डोंगर दिला तर त्यालाही एक दिला पाहिजे. असे वीस याचे आणि वीस त्याचे, अख्ख्या दख्खनवर जोडीजोडीनं उभे.

याला सुरुवात झाली ती जुन्या महायुद्धापासून. ते एकोणीसशे त्रेचाळीसच्या श्रावणात संपायला लागलं. जर्मनीच्या सेनापतींनीच आपला पुढारी उचलून बाजूला ठेवला आणि जपाननं दिवाळीच्या आत हत्यारं खाली टाकली. तेव्हा अमेरिकेत एक भयंकर बॉम्ब शिजायला लागला होता म्हणे. पण लढाईच संपली तर चूल कशाला जाळा? बॉम्ब अर्धाकच्चाच राहिला, आणि तो शिजवणारे हुशार आचारी रिकामे झाले. लढाई जिंकली होती ती दुसऱ्याचा निरोप चोरून ऐकणाऱ्यांनी. मग या आचाऱ्यांनाही त्याच कामाला लावलं. ज्याचे कान लांब त्याचं राज्य, असा काळ आला. जगानं तोफा कमी ओतल्या आणि कान जास्त बनवले. हे बरं झालं की वाईट, ते ज्याचं त्यानं ठरवावं. निदान त्या बॉम्बनं कुठलं शहर जळालं नाही.

कान म्हणजे हे मनोरे. माणूस बोलतो तेव्हा भोवतालचं सगळं किंचित थरथरतं. पत्रा थरथरतो, झाडाचं पान थरथरतं, हंड्यातलं पाणीसुद्धा. डोळ्याला ते दिसत नाही. पण मनोऱ्यावरून न दिसणाऱ्या उजेडाची एक तिरीप त्या पत्र्यावर पडते, थरथर घेऊन परत जाते, आणि वरचं यंत्र त्या थरथरीचा पुन्हा आवाज करतं. पाच कोसांवर कुणी सुनेला टोमणा मारला तरी वर ऐकू जातो.

बरं, नुसतं ऐकून हे लोक थांबले नाहीत. गळ्यात आवाजाच्या दोन तारा असतात. मनात एक आणि तोंडात दुसरं असलं की त्या तारांचे स्नायू बारीक कापतात, एका सेकंदाला आठ-दहा वेळा. बोलणाऱ्याला ते कळत नाही, यंत्राला कळतं. या शोधानं दोन्ही गटांची बोलणीच ठप्प झाली. मनोरे कमी करायचे हे दोघांनाही हवं होतं. पण तोंड उघडलं की दुसऱ्याच्या यंत्राला मनातला शेवटचा आकडा कळणार. लिहून द्यावं, तर लिहिण्याआधी चार माणसांशी बोलावं लागतं, आणि तेही ऐकलं जातं. अकरा वर्षं दोघं समोरासमोर बसून पाणी पीत होते.

मोठ्यांचं खेळणं पुढं बाजारात येतंच. तसा त्या यंत्राचा गुंडीएवढा धाकटा भाऊ निघाला, त्याचं नाव पारखी. छातीला लावायचा. बोललेलं आणि मनातलं जुळलं तर हिरवा दिवा, नाही जुळलं तर लाल. सरकारी माणसाला तो सक्तीचा, बाकीच्यांना हौसेचा. "भाजी छान झालीय" म्हणायची चोरी झाली. पाहुण्यांना "जेवूनच जा" म्हणणं बंद झालं. आक्कानं तो कधी लावला नाही. "माझं तोंडच पानानं लाल असतंय," ती म्हणे, "आणि छातीला कशाला लाल दिवा?"

पण त्याच गुंडीनं तिच्या घरात काडी टाकली होती.

तिचा एकुलता एक मुलगा हणमंत. शिकला, पुण्याला तटस्थ मंडळात, म्हणजे दोन्ही गटांना सांभाळणाऱ्या सरकारी खात्यात अधिकारी झाला, तिथंच संसार थाटला. चार वर्षांपूर्वी दिवाळीला आला होता. निघताना म्हणाला, "आये, आता इथं एकटी राहू नको. माझ्याकडं पुण्याला चल." आणि त्याच्या छातीवरचा दिवा लालभडक झाला.

आक्कानं दिवा पाहिला. हणमंतानंही पाहिला. तो काही बोलणार तेवढ्यात ती म्हणाली, "कळलं. जा तू." त्यानंतर तिनं मुलाशी एक अक्षर काढलं नाही. काही निरोप असलाच तर सोपानकडून. हट्ट तो हट्ट. या बाईचा हट्ट खिल्लार बैलापेक्षा ताठ.

आणि नेमका हाच हणमंत दोन हजार एकेचाळीसच्या चैत्रात, भर बाजारात, सरकारी गाडीतून उतरला.

बरोबर दोन परदेशी पाहुणे होते. उगवतीच्या मनोऱ्याचा प्रमुख बोरीन, पोट सुटलेला, हसऱ्या डोळ्यांचा. मावळतीच्या मनोऱ्याची प्रमुख ऑलसनबाई, उंच, उसासारखी सरळ. छातीला पारखी दोघांच्याही. दहा दहा वर्षं गावाचं बोलणं ऐकून दोघं मराठी शिकलेली, आणि तीही आपली माणदेशी, शिव्यांसकट.

"आक्का, गुडघा काय म्हनतोय?" बोरीननं उतरल्या उतरल्या विचारलं.

"माझा गुडघा तुला कसा ठावं रं मेल्या?"

"रोज सकाळी उठताना तुम्ही त्याला शिव्या घालता. आमी ऐकतो."

बाजार हसला. आक्का हसली नाही, पण पदरानं तोंड पुसलं. तिला हसू आलं की ती तसंच करते.

हणमंतानं कागद उघडला. आईकडे न बघता वाचायला लागला. मजकूर असा की, दोन्ही मनोऱ्यांना खडकनळीचा सगळा आवाज ऐकू येतो, फक्त गुरुवारी बाजारातले भाव ऐकू येत नाहीत. एवढ्या जनावरांचे सौदे होतात आणि आकडा एकही नाही. पूर्व गटाला वाटतं पश्चिमेनं आवाज गिळणारं यंत्र इथं लपवलंय, आणि पश्चिमेला वाटतं ते पूर्वेनं लपवलंय. सबब, तपासणी होईल. आणि तिसऱ्या गुरुवारनंतर उपरण्याखालचा सौदा बंद. भाव तोंडानं, मोठ्यानं बोलायचा.

हे ऐकून बाजारातले सौदे अर्ध्यावर थांबले. बैलसुद्धा रवंथ करायचे थांबले, असं सोपान पुढं सांगत फिरला. ते काही खरं नाही.

"सोपाना," आक्का म्हणाली, "त्या सायबाला सांग, भाव तोंडानं बोलला की गरजवंत उघडा पडतो. ज्याची गरज कळली त्याचा बैल मातीमोलानं जातो. उपरणं ही गरिबाची अब्रू हाय."

सोपाननं हणमंताकडे तोंड वळवलं. "सायेब, आक्का म्हनतात..."

"ऐकलं मी," हणमंत म्हणाला. "त्यांना सांगा, नियम मी केलेला नाही."

"त्याला म्हनावं, मग आणलास कशाला?"

"त्यांना म्हणावं, दुसरा कोणी आला असता तर आजच बंद केलं असतं. तीन गुरुवार मी मागून आणलेत."

दिवा हिरवा होता. आक्कानं तो पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं.

मग तपासणी. ऑलसनबाईंनी आक्काचं उपरणं उन्हाला धरलं, हुंगलं, एक दोरा उसवून भिंगाखाली घातला. सूत निघालं. "आत काय होतंय ते बघायला पायजे," बोरीन म्हणाला आणि आक्कानं उपरणं परत घेतल्यावर त्यानं खुशाल तिच्या हाताशी उपरण्याखाली हात घातला.

आता बाजारात, समोर विकायला आणलेला खोंड उभा, आणि उपरण्याखाली हात आला, तर तीस वर्षांची सवय काय गप्प बसते? आक्कानं त्याची बोटं धरून दाबली. बोरीनला गुदगुल्या झाल्या, त्यानं घाबरून तिचा पंजा आवळला आणि हात सोडवून घेतला.

"पटला!" आक्का ओरडली.

खोंडाच्या मालकानं कासरा बोरीनच्या हातात दिला आणि त्याच्या कपाळावर गुलाल फासला. दहा वर्षं गावातला शब्दन् शब्द ऐकलेल्या माणसाला हा एकच नियम ठाऊक नव्हता, कारण तो कधी कुणी बोललाच नव्हता.

ऑलसनबाई पोट धरून हसल्या. मग हसता हसता थांबल्या. खिशातून यंत्र काढून त्यांनी आपल्या मनोऱ्याला विचारलं, "बोरीननं खोंड केवढ्याला घेतला?"

वरून उत्तर आलं, "कळलं नाही."

बोरीननंही आपल्या मनोऱ्याला विचारलं. तिथूनही तेच.

कासरा हातात, गुलाल कपाळावर, असा बोरीन बाईंकडे बघत राहिला. बाई त्याच्याकडे. अकरा वर्षांत पहिल्यांदा असा एक आकडा जन्मला होता, जो दोन्ही कानांना माहीत नव्हता. दोघंही तोंडातून चकार शब्द काढेनात. काढला तर वरचे ऐकतील ना!

हणमंताच्या डोक्यात उजेड पडला तो सगळ्यात आधी. शेवटी हेडिणीचा पोरगा. तो सोपानला म्हणाला, "त्यांना विचारा, दोन डोंगरांमधला सौदा जमवतील का?"

आक्कानं पानाची पिंक टाकली. "त्याला म्हनावं, जनावर दाखव."

दुसरा गुरुवार वाट बघण्यात गेला. बोरीन आणि ऑलसनबाई आपापल्या राजधानीला जाऊन आले. दोघांनाही त्यांच्या सरकारांनी पुरा अधिकार दिला होता. आकडा कागदावर नाही, दुसऱ्या कुणाच्या कानावर नाही. एकट्याच्या डोक्यात ठेवायचा. प्रश्न साधा होता. दोघांचे मिळून चाळीस मनोरे, त्यातले किती उतरवायचे? जो आधी मोठा आकडा सांगेल तो भित्रा ठरणार, आणि लहान सांगेल तो भांडखोर. म्हणून अकरा वर्षं कुणी पहिला बोलला नव्हता.

तिसऱ्या गुरुवारी बाजारतळावर मुंगीला वाट नव्हती. हणमंताच्या कागदात आजची तारीख होती. सौदा जमला तर उपरणं राहील, असा शब्द त्यानं पुण्याहून आणला होता. नाही जमला तर संध्याकाळी आक्कानं ते घडी घालून पेटीत ठेवायचं, आणि मुलगा आला तसा गाडीत बसून जाणार. आक्काला यातलं कुठलं जास्त लागत होतं, ते तिनं स्वतःलाही सांगितलं नाही.

तिनं नवऱ्याचं उपरणं झटकलं. डावा हात बोरीनच्या हातात, उजवा ऑलसनबाईंच्या. वरून कापड.

"पाऊस बरा पडंल औंदा," ती म्हणाली.

"व्हय," बोरीन म्हणाला. त्यानं चार बोटं दाबली.

"आमच्या गावाकडे बर्फ लई," ऑलसनबाई म्हणाल्या. एक पंजा, एक बोट. सहा.

आक्कानं मान हलवली. चारही बोटं बोरीननं सैल धरली होती. बोट सैल असलं म्हणजे माणसाजवळ अजून आहे, आणि ताठ असलं म्हणजे संपलं. हे कुठल्या यंत्रानं तिला शिकवलं नव्हतं. तिनं त्याला आठ दाबले. त्याचा तळवा घामेजला, पण त्यानं हात मागं घेतला नाही. बाईंना तिनं दहा दाबले. बाई उसासारख्या ताठ, पण करंगळी गोगलगाईसारखी मऊ झाली.

"बर्फात बैल कसं चालत्यात वो?" आक्कानं विचारलं आणि दोन्हीकडे एकाच वेळी आवळलं. मूठ आणि वर दोन बोटं. बारा.

बोरीननं श्वास घेतला. बाईंनी डोळे मिटले. आक्का थांबली. घाई करतो तो हेडी नव्हे. एक म्हैस हंबरली. कुणीतरी शिंकलं.

मग दोन्ही हात तिच्या हातात एकदम आवळले गेले, आणि सुटले.

"पटला!" आक्का गरजली. "बारा जोड्या!"

टाळ्या, शिट्ट्या, गुलाल. त्या गोंधळात बोरीन ओरडला, "जोड्या? जोड्या कुठनं आल्या? बारा मनोरे! सहा त्यांचे, सहा आमचे!"

"एकेक?" आक्काला खरंच नवल वाटलं. "एकटा बैल कोन विकतं रं? तीस वर्सं मी जोडीच मोजत आले. डोंगरावर पन जोडीनंच हुभं हायती की, एक तुजा आन् एक तिचा. बारा म्हंजी बारा जोड्या. चोवीस मनोरं."

"मी बारा मनोरे म्हणालो!"

"म्हनालास? कवा म्हनालास? एक शब्द तरी काढलास का तोंडातनं? इचार तुज्या मनोऱ्याला!"

बोरीन वर डोंगराकडे बघत राहिला. मनोरा तरी काय सांगणार? त्यानं ऐकलं होतं ते एवढंच, की पाऊस बरा पडेल आणि तिकडे बर्फ लई.

 सौदा इथंच मोडतोय असं हणमंताला वाटलं. बोरीननं कोट नीट केला आणि सरकारी आवाजात म्हणाला, "आमच्या गटाला हे मंजूर नाही."

त्याच्या छातीवरचा दिवा लाल झाला.

ऑलसनबाई घाईनं म्हणाल्या, "आणि आमचा तर याला सक्त विरोध आहे."

तोही लाल.

सगळा बाजार त्या दोन लाल दिव्यांकडे बघत होता. ती दोघं एकमेकांच्या छातीकडे. आधी बोरीनच्या पोटाला हादरे बसायला लागले, मग बाईंच्या खांद्यांना, आणि मग दोघंही अशी हसली की बोरीनच्या हातातला कासरा सुटला. कारण राजधानीचा दौरा सोडला तर हा माणूस त्या गुरुवारपासून खोंडाला घेऊनच फिरत होता. खोंड बिचारा गर्दीत शिरला.

"दहा वर्षं त्या डोंगरावर बसून मी दुसऱ्यांच्या घरातली भांडणं ऐकतोय," डोळे पुसत बोरीन म्हणाला. "मला माझ्या घरी जाऊन स्वतःचं भांडायचंय." दिवा स्वच्छ हिरवा.

"बारा जोड्या," ऑलसनबाई म्हणाल्या. त्यांचाही हिरवा. "आणि पहिली जोडी खडकनळीची."

गुलालाला ऊत आला. सोपाननं म्हातारपणी फुगडी घातली. पण आक्का तिथं नव्हतीच. म्हणजे उभी तिथंच होती, पण मनानं चार वर्षांमागच्या दिवाळीत गेली होती. तिच्या डोळ्यांसमोर ते दोन लाल दिवे होते. नाही म्हणाले आणि लाल झाले. लाल म्हणजे खोटं, हे खरं, पण त्यात वाईट कुठं होतं? मनात दुसरं आहे, एवढंच तो दिवा सांगतो. दुसरं काय आहे ते सांगत नाही. ते विचारायचं असतं. तिनं विचारलंच नव्हतं. तीस वर्षं लोकांच्या बोटांना विचारत आली, आणि पोटच्या पोराला मात्र एका गुंडीवरून हाकलून दिलं. शहाणी!

हणमंत बाजूला उभा राहून कागदाची घडी घालत होता. आक्का त्याच्यासमोर गेली. सोपान निरोप न्यायला पुढं सरकला, तशी म्हणाली, "तू हो बाजूला. हितं दलाल नको." आणि तिनं उपरणं पसरून हात पुढं केला.

"आये," हणमंत म्हणाला, "त्या दिवशी मी..."

"तोंडानं नको. बोल हातानं."

त्यानं आधी छातीवरची गुंडी काढून खिशात टाकली. मग हात उपरण्याखाली घातला. आक्कानं त्याचा तळवा चाचपला. पुण्यात बसून मऊ झालेला. पण अंगठ्याशी लहानपणीचा व्रण तसाच होता. कासऱ्यानं कापलं होतं तेव्हाचा.

"मला न्यायचं न्हवतं तुला," ती हळूच म्हणाली. "मग काय होतं मनात?"

हणमंत तिच्या कानाशी वाकला. "मलाच इकडं यायचं होतं, आये. नोकरी सोडायची हिंमत नव्हती, म्हणून तुला चल म्हणालो." मग त्यानं दोन बोटं दाबली. "आता मनोरे उतरवायचं काम निघेल, ऑफिस इथंच टाकतो. आठवड्याला एवढे दिवस तरी राहीन."

आक्कानं बोटं तपासली. सैल होती.

"पटला," ती म्हणाली आणि हात सोडला.

तोवर गुलालानं माखलेला सोपान आलाच. "कितीला जमलं गं आक्का?"

"उपरण्याखालचं इचारायचं न्हाई, सोपाना. बाजाराचा नियम हाय."

"मी सांगतो की काका," हणमंत हसत म्हणाला. "आठवड्याला दोन दिवस."

आक्कानं उपरणं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि घराकडे वळली.

"दोन जोड्या," ती चालता चालता म्हणाली. "चार दिवस. आन् सूनबाईला संगं आन. एकटा बैल माझ्या दावणीला चालत न्हाई."